परदेशी कंपनीचं काम, मराठवाड्यातलं घर : हे इथवर कसं आलं

लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घरात बसून लंडन, बर्लिन नाहीतर बोस्टनच्या कंपनीचं काम करणारे लोक आता नवलाचे राहिलेले नाहीत. याचं श्रेय सरसकट करोनाला दिलं जातं. मार्च २०२०ने वेग दिला हे खरं, पण काम घरापर्यंत यायला त्याआधी तीन गोष्टी सुटाव्या लागल्या: इंटरनेटची लाइन, वीज आणि पैसा येण्याची वाट. त्या एकाच वेळी सुटल्या नाहीत आणि विजेची गाठ अजून पूर्ण सुटलेली नाही.

सुरुवात झाली तेव्हा परदेशाचं काम माणसाला मिळत नसे, जागेला मिळे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५मध्ये बंगळुरात केंद्र काढलं तेव्हा उपग्रहाचा दुवा स्वतः उभारावा लागला होता. १९९१मध्ये सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स, म्हणजे एसटीपीआय, ही संस्था स्थापन केली. छोट्या कंपन्यांना तिथून भाड्याने डेटाची लाइन मिळू लागली. तेव्हा ६४ केबीपीएस हा वेग भलताच मानला जाई. पुढे संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीतही एसटीपीआयचं केंद्र आलं. या योजनेत संगणक शुल्कमुक्त आयात करता येत, म्हणून ते कस्टमच्या बंधनात असत आणि जागेबाहेर न्यायचे तर परवानगी लागे. नफ्यावरची आयकर सवलतही याच चौकटीत होती. ती ३१ मार्च २०११ला संपली. म्हणजे काम घरी न्यायचं म्हटलं तरी कागदच आडवे येत. १९६०पासूनचं संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९८१पासूनचं नांदेडचं श्री गुरू गोबिंदसिंगजी महाविद्यालय यांतून शिकून निघालेल्यांनी पुणे-बंगळुरूची गाडी का धरली, याचं निम्मं उत्तर इथे आहे. हुशारी इथे होती, पण दुवा तिथे होता.

घरातून करता येईल असं पहिलं काम बहुधा मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दिवसभर बोललेलं टेप ऐकून टाइप करायचं, ६५ अक्षरांची एक ओळ धरून ओळीमागे पैसे, आणि तिकडे सकाळ उजाडायच्या आत फाइल परत. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने सुरू केलं, पण फोनच्याच तारेवरून चालणाऱ्या डायलअपवर ध्वनिफाइल उतरवताना फोन वाजला की लाइन गेली, मग पुन्हा पहिल्यापासून. २००४च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं आणि २००५पासून बीएसएनएलच्या तांब्याच्या तारेवर ते घरी येऊ लागलं. एलान्स, ओडेस्कसारख्या साइटवरून अनोळखी परदेशी ग्राहकाचं काम घेणं त्यानंतरच इथल्या माणसाच्या आवाक्यात आलं.

मग आडवी आली वीज. २००५नंतरची काही वर्षं ग्रामीण मराठवाड्यात दहा-बारा तासांचं भारनियमन ही रोजची बाब होती. गावठाणाचे फीडर, म्हणजे वीजवाहिन्या, शेतीपासून वेगळे केल्यावर गावातली परिस्थिती सुधारली, पण शेतवस्तीवरच्या घराला तो फायदा नाही. शेतीच्या फीडरवर वीज पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. त्यामुळे 'शेतात निवांत बसून काम करू' ही कल्पना सोलरशिवाय तग धरत नाही.

घरातलं गणित सोपं आहे. १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. घट धरून हाती साधारण १२०० येतात. लॅपटॉप ६०, मॉनिटर ३०, फायबरचा मोडेम आणि राउटर मिळून १५, साधा पंखा ७५, असे १८० वॅट धरले तर नवी बॅटरी साडेसहा तास ओढते. पंखा कमी वीज खाणारा बीएलडीसी घेतला की भार १३५वर येतो आणि पावणेनऊ तासांपर्यंत मजल जाते. उन्हाळ्यात ४२-४३ अंशांत डिस्टिल्ड वॉटर झपाट्याने आटतं. पातळी वेळेवर पाहिली नाही तर प्लेटा उघड्या पडतात आणि मीटिंगच्या मध्येच इन्व्हर्टर शिट्टी मारतो.

खरी मेख पुढे आहे. घरात वीज असते, राउटर चालू असतो, तरी नेट नसतं. कारण केबलवाल्याचा खांबावरचा स्विच विजेवर चालतो आणि त्याच्या डब्यातली बॅटरी तासाभरात मान टाकते. जोडणी घेताना वेग विचारण्याआधी हे विचारावं: थेट घरापर्यंत फायबर आहे, की कोपऱ्यावरून लॅन केबल ओढली आहे? थेट फायबरच्या जीपॉन पद्धतीत मधल्या स्प्लिटरला, म्हणजे एक तंतू अनेक घरांत वाटणाऱ्या डब्याला, वीज लागतच नाही. शिवाय वळवाच्या पावसात वीज कडाडली की लॅन केबलमधून झटका येऊन पोर्ट जळतो. काचेच्या तंतूतून तो येत नाही. जेसीबीने फायबर तोडला तर मात्र दोघांचीही गत एकच, म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम मोबाइलमध्ये असावंच. ते परवडू लागलं सप्टेंबर २०१६नंतर, जिओमुळे डेटाचे दर कोसळल्यावर.

एवढं होऊनही नियम मागे होता. परदेशी ग्राहकांसाठी कॉल सेंटर किंवा बीपीओ चालवणाऱ्या कंपनीला दूरसंचार खात्याकडे ओएसपी, म्हणजे 'इतर सेवा पुरवठादार', म्हणून नोंदणी लागे, आणि कर्मचाऱ्याला घरून काम द्यायचं तर अनामत आणि करार. १३ मार्च २०२०ला यात तात्पुरती सूट मिळाली. नोव्हेंबर २०२०मध्ये ही नोंदणीच रद्द झाली आणि डेटाचं काम या नियमांतून वगळलं गेलं, आणि जून २०२१मध्ये उरलेल्या अटीही सैल झाल्या. हा बदल बातम्यांत फारसा गाजला नाही, पण 'लॅपटॉप घेऊन गावी जा' हे कंपन्यांना कायमचं म्हणता आलं ते यामुळे.

पैशाची वाट १९९९च्या फेमा या परकीय चलन कायद्याने रुंद केली. १ जून २०००पासून तो जुन्या, कडक फेरा कायद्याच्या जागी आला. तरी २०११मध्ये पेपालसारख्या ऑनलाइन मार्गाने येणाऱ्या रकमेवर व्यवहारामागे ५०० डॉलरची मर्यादा होती. ती पुढे टप्प्याटप्प्याने वाढली. आजही पहिला पगार अडकतो तो बहुतेक वेळा शाखेतच. परदेशातून पैसे यायला बँकेचा स्विफ्ट कोड हा ओळखक्रमांक लागतो आणि तालुक्याच्या शाखेला तो सहसा स्वतःचा नसतो. तो बँकेच्या परकीय चलन शाखेचा द्यावा लागतो. पैसे कशाचे, हे सांगणारा पर्पज कोडही लागतो. सॉफ्टवेअर सल्ल्यासाठी पी०८०२. तो कळवेपर्यंत रक्कम लटकलेली राहते. जमा झाल्याचा परकीय चलनाचा दाखला त्याच आठवड्यात मागून ठेवावा, वर्षअखेरीस तो मिळवताना चपला झिजतात.

भारतात कार्यालय नसलेली कंपनी सहसा नोकरी देत नाही, करार देते. नाहीतर मध्यस्थ भारतीय कंपनीच्या पटावर घेते. करार असेल तर पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि टीडीएसही कापला जात नाही. आगाऊ कर स्वतः भरायचा, चुकला तर महिन्याला एक टक्का व्याज. २०१६-१७पासून आयकराच्या ४४एडीए कलमाने आयटी व्यावसायिकाला निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवायची सोय दिली. तिच्यात सगळा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकरकमी भरता येतो. जुलै २०१७मध्ये जीएसटी आला. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी लागते. निर्यातीवर कर शून्य, पण त्यासाठी एलयूटी हे हमीपत्र दर आर्थिक वर्षी नव्याने भरावं लागतं. एप्रिलमध्ये ते विसरणारे बरेच निघतात.

घड्याळाचंही एक सांगायला हवं. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. लंडनचे नऊ म्हणजे दुपारचे दीड किंवा अडीच. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि युरोप शेवटच्या रविवारी, म्हणून मधले दोन-तीन आठवडे दोन्हीकडच्या लोकांबरोबरची मीटिंग हमखास चुकते. कॅलेंडरमध्ये वेळ भारताची न टाकता ज्याने बैठक बोलावली त्याच्या शहराची टाकावी.