मसल कार : मोठ्या ताकदीचे इंजिन बसवण्याची पूर्वतयारी

१९६० ते १९७५ च्या सुमारास निघालेल्या अमेरिकन मसल कारमधून (ताकदवान इंजिनाच्या वेगवान मोटारींमधून) मूळ इंजिन काढून त्या जागी दुप्पट-तिप्पट ताकदीचे, बहुधा अलीकडच्या बनावटीचे इंजिन बसवण्याआधी गाडीचा सांगाडा, मागचा एक्सल, ब्रेक, इंधनयंत्रणा, रेडिएटर आणि वायरिंग यांत करावी लागणारी कामे. जाणत्या मिस्त्रीला इंजिन उतरवणे-चढवणे दोन-तीन दिवसांचे काम असते. महिने जातात ते तयारीत. अर्धवट सोडून दिलेल्या बहुतेक गाड्या तयारीतच अडकलेल्या असतात.

या खटाटोपाला जुना इतिहास आहे. मध्यम आणि त्याहून लहान गाड्यांत ४०० घनइंचांपेक्षा (सु. ६.६ लिटर) मोठे इंजिन बसवायचे नाही, असा जनरल मोटर्सचा स्वतःचाच दंडक होता आणि तो १९७० च्या मॉडेलपासून उठला. त्यामुळे १९६७ च्या मॉडेलपासून निघालेल्या, जनरल मोटर्सच्याच शेव्हरले कॅमारोला कारखान्यातून ४२७ घनइंचांचे (७ लिटर) इंजिन मिळत नसे. पेनसिल्व्हेनियातील कॅनन्सबर्ग येथील विक्रेता डॉन येन्को याने नव्या कोऱ्या कॅमारो घेऊन त्यांत हे इंजिन आपल्याच गॅरेजमध्ये बसवायला सुरुवात केली. शिकागोच्या निकी शेव्हरलेने आणि न्यूयॉर्कच्या बाल्डविन-मोशनने हेच केले. १९६९ मध्ये विशेष मागणीची पळवाट काढून ४२७ इंजिन कारखान्यातच बसवले जाऊ लागले. त्यांपैकी संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमच्या झेडएल-१ इंजिनाच्या फक्त ६९ कॅमारो निघाल्या. मात्र येन्कोचे इंजिन त्याच गाडीच्या पिढीतले होते. आज पन्नासहून अधिक वर्षांनी नवे इंजिन जुन्या गाडीत बसवताना दोन युगांची गाठ मारावी लागते. पुढील विवेचनात उदाहरण म्हणून पहिल्या पिढीची कॅमारो (१९६७–६९) घेतली आहे, कारण या कामाला सर्वाधिक निवडल्या जाणाऱ्या गाड्यांत ती मोडते आणि तिच्या खोडी चांगल्याच ठाऊक झालेल्या आहेत.

आकड्यांबाबत आधीच सावध राहिलेले बरे. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या अश्वशक्ती मोजताना इंजिन उघडे ठेवत. पंखा, एअर क्लीनर, सायलेन्सर यांचा भार त्यात धरत नसत. १९७२ पासून गाडीत बसवल्याप्रमाणे सगळा सरंजाम लावून मोजण्याची पद्धत आली आणि कागदावरची ताकद एकदम घसरली. म्हणून जुन्या ३७५ अश्वशक्तीच्या जागी नवी ५८० येते तेव्हा खरा फरक वजाबाकीत दिसतो त्याहून मोठा असतो. कॅमारोचे सर्वांत साधे इंजिन तर सहा सिलिंडरचे, जुन्याच मोजणीने १४० अश्वशक्तीचे होते. तशा गाडीत २०१२ च्या कॅमारो झेडएल-१ मधले ६.२ लिटरचे, सुपरचार्जर (सिलिंडरमध्ये हवा दाबून भरणारे यंत्र) असलेले ५८० अश्वशक्तीचे इंजिन बसवायचे म्हणजे मूळ आराखड्यातील एकही बोल्ट गृहीत धरता येत नाही.

काम सुरू होते ते गंज शोधण्यापासून. काचेखालच्या जाळीतून आत गेलेला पालापाचोळा साचून तिथला पत्रा आतून सडतो, पाणी केबिनमध्ये झिरपते आणि पायाखालचा तळ जातो. डिकीचा तळ, मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) टांगण्याची जागा आणि पुढची सबफ्रेम (इंजिन पेलणारी चौकट) जिथे बॉडीला बोल्टने जोडली जाते तो भाग टोच्याने ठोकून पाहावा लागतो. रंगाखाली लपवलेले पुट्टीचे थर इथेच उघडे पडतात. सडलेल्या पत्र्यावर नवा जोड देऊन भागत नाही. चांगला पत्रा लागेपर्यंत कापावेच लागते.

कॅमारोची बॉडी अर्धी युनिबॉडी, म्हणजे वेगळ्या चौकटीवाचून पत्र्यावरच उभी आहे. पुढे वेगळी सबफ्रेम, मागे पत्र्याचाच सांगाडा आणि दोहोंमध्ये रबरी बुश. जोराने क्लच सोडला की गाडी पिळवटते. कालांतराने दारांच्या फटी कमीजास्त होतात आणि काचेच्या कोपऱ्यात चीर जाते. उघड्या टपाच्या गाडीत हे इतके जाणवे, की थरथर शोषून घ्यायला कंपनीनेच तिच्या चारही कोपऱ्यांत वजनदार डबे बसवले होते. उपाय साधा आहे : पुढची सबफ्रेम आणि मागचे पत्र्याचे रूळ यांना जोडणाऱ्या पोलादी पेट्या तळाला वेल्ड करायच्या आणि रबराऐवजी घन धातूचे बुश घालायचे. वेल्डिंग करताना गाडी चाकांवर, स्वतःच्या वजनाने बसलेली हवी. जॅकवर लोंबकळत असताना जोडल्यास वाकडेपणा कायमचा पक्का होतो.

मागच्या एक्सलवर येणारा भार पाहिला की बाकी तयारीचे कारण कळते. २०१२ च्या झेडएल-१ च्या इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) सुमारे ७५४ न्यूटन-मीटर आहे. सहा गिअरच्या ट्रेमेक टी-५६ मॅग्नम गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.६६ चा आणि क्राऊन-पिनियन (एक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) ३.७३ चे धरले, तर घर्षण वगळून एक्सलवर जवळपास ७,५०० न्यूटन-मीटर येतात. साध्या कॅमारोतले एक्सलचे दहा बोल्टचे हाऊसिंग (क्राऊन-पिनियनचे कवच) यापुढे टिकत नाही. बारा बोल्टचे बरेच मजबूत आहे, पण त्यात शाफ्ट आतल्या टोकाला एका लहान सी-आकाराच्या क्लिपने अडवलेला असतो. शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर येऊ शकतो. म्हणून अनेकजण फोर्डचे नऊ इंची हाऊसिंग घेतात. त्यात शाफ्ट बाहेरच्या टोकाला, बेअरिंगपाशी धरलेला असतो आणि क्राऊन-पिनियनचा सगळा संच पुढून काढता येतो. शेव्हरलेच्या पोटात फोर्डचा एक्सल हे कट्टर भक्तांना रुचत नाही, पण तुटलेला दात कंपनीचे नाव विचारत नाही.

पाट्यांचेही तसेच. १९६७ च्या कॅमारोला मागे एकेकच पाटा होता. जोर दिला की तो इंग्रजी एस अक्षरासारखा वळे आणि चाके जमिनीवर नाचू लागत. १९६८ मध्ये कंपनीने एक शॉक अ‍ॅब्सॉर्बर एक्सलच्या पुढे आणि एक मागे बसवला, ताकदवान गाड्यांना अनेक पाट्यांचा संच दिला. नव्या इंजिनासाठी यापुढे जाऊन कॉइल स्प्रिंग आणि चार दांड्यांची रचना करतात किंवा निदान जाड पाटे घालतात. रुंद टायर मावावेत म्हणून मागच्या चाकांवरचा पत्र्याचा घुमट आतल्या बाजूला रुंद करून घेतात. प्रोपेलर शाफ्ट आणि त्याचे क्रॉस नवे लागतात. गिअरबॉक्सचा आणि पिनियनचा कल समांतर ठेवला नाही, तर कितीही महाग शाफ्ट घातला तरी ठरावीक वेगाला गाडी थरथरते.

ब्रेक इंजिनाच्या आधी बदलावेत. हे ऐच्छिक नाही. कॅमारोला मुळात चारही चाकांना साडेनऊ इंची ड्रम ब्रेक होते. चारही डिस्क १९६९ मध्ये मोजक्याच गाड्यांना मिळाल्या. १९६६ पर्यंतच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत तर ब्रेकचे एकच मंडल असे. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. गाडी थांबवताना जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून दुप्पट वेगाला ब्रेकवर चौपट काम पडते. वेगासोबत चालकाचे संरक्षणही लागते. क्वार्टर मैलाच्या शर्यतीत नियमच बोलतात : तिथल्या शर्यती भरवणाऱ्या अमेरिकेच्या एनएचआरए संस्थेनुसार ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर अंतर कापणाऱ्या गाडीला रोल बार (गाडी उलटल्यास चालकाला वाचवणारी पोलादी कमान) आणि ९.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर येणारीला पूर्ण पिंजरा लागतो.

इंजिन मावते का हे पाहण्यासाठी खरे इंजिन वापरत नाहीत. रिकामा ब्लॉक किंवा त्याच मापाचा प्लास्टिकचा हलका सांगाडा ठेवून माउंटिंग, स्टिअरिंगचा दांडा आणि एक्झॉस्टच्या नळ्या जुळवतात. एलएस कुळातील इंजिनांना (जनरल मोटर्सची अलीकडची इंजिने; २०१२ च्या झेडएल-१ मधले एलएसए त्यांतलेच) डिस्ट्रिब्युटर नसल्याने मागे काचेकडच्या भिंतीपाशी जागा सुटते. अडचण होते ती खाली. खोल ऑइल चेंबर सबफ्रेमच्या आडव्या पट्टीला अडतो, म्हणून १९९८–२००२ च्या कॅमारोचा चेंबर शोधला जातो. वर सुपरचार्जर बोनेटला टेकतो. नव्या गिअरबॉक्ससाठी केबिनमधला बोगदा कापून उंच करावा लागतो. फ्लायव्हील मागवतानाही फसगत होते : एलएस-३ च्या क्रँकला सहा बोल्ट, झेडएल-१ च्या एलएसएला आठ. अ‍ॅल्युमिनियमचे एलएस जुन्या बिडाच्या बिग-ब्लॉकपेक्षा (४२७ सारख्या मोठ्या इंजिनांपेक्षा) सुमारे १०० किलो हलके असल्याने पुढच्या स्प्रिंगाही नव्याने निवडाव्या लागतात.

उरलेली कामे किचकट, पण ठरलेली. कार्ब्युरेटरला पाच-सात पीएसआय पुरत. इंजेक्शनला ५८ लागतात. त्यासाठी आत पंप आणि आडव्या पडद्या असलेली टाकी आणि जास्त दाबाचे नळ हवेत. पडद्या नसतील तर वळणावर पेट्रोल एका बाजूला जाऊन पंप हवा ओढतो. सुपरचार्जरच्या इंटरकूलरला (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाला) स्वतंत्र पंप आणि छोटा रेडिएटर लागतो. एलएसच्या हेडमधून वाफ काढणारी बारीक नळी रेडिएटरला जोडायला विसरले, तर गरम होण्याचे कारण शोधण्यात आठवडे जातात. वायरिंग पूर्ण नवे घालतात आणि इंजिन, सांगाडा, बॅटरी यांना जाड अर्थिंग देतात. नव्या इंजिनाचा संगणक मधूनच बंद पडण्याच्या तक्रारी बऱ्याचदा कच्च्या अर्थिंगपाशी येऊन थांबतात. रंग सर्वांत शेवटी.

कायद्याची बाजू ठिकाणागणिक वेगळी. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धुराच्या नियमित तपासणीतून सूट आहे आणि या छंदाला तिथे जे बळ मिळाले त्यात या सवलतीचा वाटा आहे. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हीच भूमिका मांडली. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या शौकिनाला अशी गाडी बहुधा परदेशातच पाहावी लागते.

संग्राहकांच्या बाजारात इंजिनावर ठोकलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळला तर किंमत चढते. १९६९ च्या झेडएल-१ किंवा येन्कोच्या खऱ्या गाडीला म्हणूनच कोणी कटर लावत नाही. या कामाला सहा सिलिंडरची, किंवा इंजिन आधीच हरवलेली गाडी निवडतात. जपण्याजोगे मूळ इंजिन असेल तर ते काढून, सिलिंडरमध्ये तेल सोडून, तोंडे बुजवून स्टँडवर ठेवतात. गाडी विकली जाते तेव्हा ते वेगळ्या खोक्यात तिच्यासोबत जाते.