विद्युत स्कूटर रूपांतर : एरर कोड आणि दोषशोध

पेट्रोल स्कूटरचे इंजिन उतरवून मागच्या चाकात हब मोटर बसवली की गाडीचा सगळा कारभार कंट्रोलरच्या पेटीकडे जातो. बॅटरी, रेस (हँडलवरची पिळायची मूठ), ब्रेकचे स्विच आणि मोटरमधले हॉल सेन्सर (चुंबकाची जागा ओळखणारे) यांच्याकडून येणारे व्होल्टेज ही पेटी सतत तपासत असते. काही जुळेनासे झाले की ती मोटरचा पुरवठा तोडते आणि डिस्प्लेवर आकडा दाखवते, दिवा ठरावीक वेळा लुकलुकवते किंवा बीप देते. या खुणेला एरर कोड म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात अशी गाडी बंद पडली की ती बहुधा नेहमीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच येते. त्याने एक गोष्ट पक्की धरावी: दोष कंट्रोलरला कुठे जाणवला एवढेच कोड सांगतो, तो मुळात कुठे आहे हे मल्टिमीटर लावूनच शोधावे लागते.

कोडचे आकडे सर्व कंपन्यांचे सारखे नसतात. रूपांतराच्या किटमध्ये येणाऱ्या केटी या कंपनीच्या डिस्प्लेवर ०६ म्हणजे मोटर किंवा कंट्रोलरमधला शॉर्ट. बाफांग या दुसऱ्या कंपनीच्या पद्धतीत तोच ०६ बॅटरीचा व्होल्टेज कमी झाल्याचे सांगतो. हॉल सेन्सरचा दोष पहिल्यात ०३, दुसऱ्यात ०८. त्यामुळे दुसऱ्या किटचा तक्ता बघून केलेली दुरुस्ती भलतीकडेच जाते. आपल्या कंट्रोलरचा तक्ता किट घेतानाच मागून घ्यावा आणि सीटखाली चिकटवून ठेवावा. विक्रेत्यांनी तो मराठीत आणि कन्नडमध्ये छापून द्यायला हवा. गाडी चालवणारे आणि दुरुस्त करणारे याच दोन भाषांत बोलतात.

सर्वांत जास्त फसवणारा कोड हॉल सेन्सरचा. मोटरमध्ये असे तीन सेन्सर असतात आणि फिरणारे चुंबक आत्ता कुठे आहेत ते कंट्रोलरला कळवतात. तिघांच्या चालू-बंद अवस्थांच्या आठ जोडण्या होतात. त्यांतल्या सहाच खऱ्या. तिन्ही एकदम बंद किंवा तिन्ही एकदम चालू दिसले की कंट्रोलर दोष नोंदवतो. मात्र बहुतेक कंट्रोलरांत हॉल सेन्सर आणि रेस यांना एकाच ५ व्होल्टच्या लाइनवरून पुरवठा असतो. रेसची वायर हँडलच्या वळणावर घासून उघडी पडली आणि बॉडीला टेकली, तर ही लाइन खाली बसते आणि डिस्प्लेवर मोटरचा कोड येतो. मोटर निर्दोष असते, तरीही ती उघडली जाते.

म्हणून पहिले काम रेसचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लास्टिकचा जोड, काढण्याचे. तो काढताच ५ व्होल्ट परत आले, तर दोष हँडलकडे. नाही आले, तर मोटरचा हॉल कपलर काढून पुन्हा बघावे. दोन्ही काढूनही लाइन मेलेलीच असेल, तरच कंट्रोलरवर संशय घ्यावा.

लाइन ठीक असेल तर हॉल कपलर जोडलेला ठेवून, चावी चालू करून, मीटर २० व्होल्ट डीसीवर लावावा. काळी पिन ग्राउंडला आणि लाल पिन कपलरच्या पाठीमागून पिवळ्या, हिरव्या, निळ्या सिग्नल वायरीला एकेक करून लावायची आणि चाक हाताने अगदी सावकाश फिरवायचे. काटा किंवा आकडा शून्याच्या आसपासून ५ व्होल्टपर्यंत उडी मारून परत खाली आला पाहिजे. जी वायर एकाच जागी थांबते, तिचा सेन्सर गेला किंवा वायर तुटली. सेन्सर बदलायचाच झाला तर हनीवेलचा एसएस४१ या जातीचा वापरला जातो. तो बसवताना तोंड मूळ सेन्सरसारखेच ठेवावे लागते.

रेसची तपासणी याच मीटरने होते. न पिळता सिग्नल वायरीवर सुमारे ०.८ ते १ व्होल्ट आणि पूर्ण पिळल्यावर साधारण ३.६ ते ४.२ व्होल्ट मिळायला हवेत. ग्राउंडची वायर सुटली की सिग्नल ५ व्होल्टकडे चढतो. चांगला कंट्रोलर अशा वेळी कोड देऊन थांबतो. त्या कोडला बगल देऊन गाडी चालवण्याचा प्रयत्न कधीही करू नये, कारण त्याच स्थितीत गाडी आपोआप सुसाट सुटू शकते.

या भागात पाऊस हे दोषाचे मोठे कारण. जांबोटी-कणकुंबीकडचा पावसाळा आणि तिकडची तांबडी माती कपलरात शिरली की पिना हिरव्या पडतात. पाऊस असताना कोड आणि ऊन पडल्यावर गाडी ठीक, असे घडले तर आधी कपलर उघडून पुसावेत. दुसरे कारण आसाचे. दुधाचे कॅन लादलेल्या गाडीत नट सैल झाला की हब मोटरचा आस खाचेत फिरतो आणि आसातून बाहेर येणारी केबल पिळून तोडतो. त्यासाठी टॉर्क आर्म, म्हणजे आसाला फिरू न देणारी पट्टी, लागतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही लेथवर जाड पोलादी पट्टीतून तो करून मिळतो. रूपांतराच्या खर्चात त्यावर काटकसर नको.

शॉर्टच्या कोडसाठी मीटरचीही गरज नाही. बॅटरी काढून चाक फिरवावे. ते अडखळत, जड फिरत असेल तर मोटरच्या तीन जाड फेज वायरी कंट्रोलरपासून सोडवून, टोके एकमेकांना लागू न देता, पुन्हा फिरवावे. आता मोकळे फिरले तर कंट्रोलरमधले मॉसफेट (मोटरची वीज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) जळाले आहेत. तरीही जडच असेल तर दोष मोटरमध्ये किंवा तिच्या केबलमध्ये. बॅटरी काढल्यावरही कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, म्हणून थोडे थांबून आणि हातातली अंगठी, कडे काढूनच वायरींना हात लावावा.

कमी व्होल्टेजचा कोड बॅटरी उभ्या गाडीत तपासून समजत नाही. १२ व्होल्टच्या पाच शिसे-आम्ल बॅटऱ्यांच्या जोडणीत तोडबिंदू, म्हणजे कंट्रोलर पुरवठा तोडतो तो व्होल्टेज, साधारण ५२.५ व्होल्ट असतो. उभ्या गाडीत ६० दाखवणारा संच चढावर तिथपर्यंत कोसळू शकतो. मीटर लावून ठेवून भारावर वाचन घ्यावे. डिस्प्लेच विझला आणि कोड काहीच आला नाही, तर बहुतेक लिथियम पॅकच्या बीएमएसने (बॅटरीचे रक्षण करणाऱ्या सर्किटने) पुरवठा तोडलेला असतो. जास्त व्होल्टेजचा कोड क्वचित येतो, पण इथे त्याला घाटाचे निमित्त मिळते: कणकुंबीत बॅटरी पूर्ण चार्ज करून लगेच चोर्ला घाट उतरला आणि रीजन ब्रेक (ब्रेक लावताना मोटरकडून वीज बनवणारी सोय) चालू असला, तर मोटर उलट पाठवत असलेली वीज भरलेल्या पॅकमध्ये मावत नाही.

नवा कंट्रोलर बसवताना रंगाला रंग जोडून काम होईलच असे नाही. फेज आणि हॉलच्या ३६ जोडण्यांतून फक्त सहा चालतात, त्यांतल्या तीन उलट्या दिशेच्या. सेल्फ लर्निंग वायर असलेला कंट्रोलर ही जुळवणी स्वतः करतो. मात्र रूपांतराची मंजुरी एआयएस-१२३ या वाहन मानकाच्या भाग ३ प्रमाणे संपूर्ण किटला मिळते आणि आरटीओ त्यावरूनच आरसीवर नोंद करतो. गाडी बेळगावची केए-२२ असो वा चिक्कोडीची केए-२३, बदली कंट्रोलर त्याच मंजूर किटमधला घ्यावा.