वसतिगृहाच्या पत्त्यावर मतदार नोंदणी : पात्रता, कागदपत्रं आणि कॉलेजची जबाबदारी

बाहेरगावी शिकणाऱ्या मुलामुलींचं घोडं अनेकदा एकाच प्रश्नावर अडतं : पत्ता कुठला द्यायचा? नियम सोपा आहे. नाव आईवडिलांच्या घरच्या पत्त्यावर ठेवायचं की वसतिगृहाच्या, हे विद्यार्थ्यानेच ठरवायचं. दोन्हीकडे नाव मात्र चालत नाही.

ठरवताना एवढं लक्षात घ्या. महापालिकेच्या आणि ग्रामपंचायतीच्या मतदार याद्या विधानसभेच्या यादीवरूनच तयार होतात. पुण्यात नाव नोंदवलं, तर गावच्या सरपंचाच्या निवडणुकीत मत देता येणार नाही. तरीही जिथलं पाणी आणि बस तीन-चार वर्षं रोज वापरायची, तिथे मतदार असावं असं मला मनापासून वाटतं.

पात्रता : भारतीय नागरिकत्व आणि वय १८ पूर्ण. वय मोजण्यासाठी वर्षात चार अर्हता दिनांक आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. त्या-त्या तिमाहीत तो विचारात घेतला जातो. वसतिगृहाचा पत्ता द्यायचा असेल, तर अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा हवा.

अर्ज म्हणजे नमुना ६. सोबत पासपोर्ट आकाराचा फोटो आणि वयाचा पुरावा : जन्मदाखला, आधार, पॅन किंवा जन्मतारीख असलेलं दहावी-बारावीचं प्रमाणपत्र. वसतिगृहासाठी प्राचार्य, कुलसचिव किंवा अधिष्ठात्यांच्या सहीचं बोनाफाईड लागतं, तेही निवडणूक आयोगाने ठरवून दिलेल्या नमुन्यात. बसच्या पाससाठी मिळणारं नेहमीचं बोनाफाईड जोडून भागवू नका. कॉलेजची खरी जबाबदारी इथेच आहे. मतदार दिनाला शपथ देणं चांगलंच, पण हा नमुना छापून कार्यालयात ठेवला आणि सही त्याच दिवशी दिली, तर मुलांचे हेलपाटे वाचतील. खासगी खोलीत राहणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकरार किंवा त्या पत्त्याचं बँक पासबुक चालतं.

अर्ज मतदार सेवा पोर्टलवर भरता येतो किंवा मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे (बीएलओ) देता येतो. शुल्क नाही. ऑनलाइन भरताना नाव इंग्रजीत टाइप केलं की मराठी रकाना आपोआप भरतो. तिथे ‘साठे’चं ‘साथे’ झालेलं नाही ना, हे सबमिट करण्याआधी बघा. मिळालेला संदर्भ क्रमांक जपून ठेवा, अर्ज कुठवर आला ते त्यावरून कळतं. बीएलओ पडताळणीला वसतिगृहावर येऊ शकतात. तशी कल्पना रेक्टरना देऊन ठेवा.

गावाकडे आधीच नाव असेल तर नमुना ६ भरू नका. स्थलांतरासाठी नमुना ८ आहे. शिक्षण संपवून परत जाताना किंवा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेल्यावरही तोच भरायचा. अडचण आली तर १९५० या क्रमांकावर फोन करा.