शस्त्रक्रियापूर्व केमोथेरपी (स्तनाचा कर्करोग)

स्तनातील कर्करोगाची गाठ काढण्याआधीच दिल्या जाणाऱ्या रसायनोपचाराला शस्त्रक्रियापूर्व किंवा निओअ‍ॅडज्युव्हंट केमोथेरपी म्हणतात. गाठ हाताला लागते आहे, तर ती आधी काढून का टाकत नाहीत, हा रुग्णाचा आणि घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे.

१९७० च्या दशकात ही पद्धत नाइलाजाने आली. त्वचेला किंवा छातीला चिकटलेल्या, शस्त्रक्रिया करता न येणाऱ्या गाठी औषधाने आधी लहान करायच्या, एवढाच हेतू होता. पुढे १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेत ‘एनएसएबीपी बी-१८’ ही चाचणी सुरू झाली. तिच्यात १,५२३ स्त्रियांपैकी काहींना शस्त्रक्रियेआधी, तर काहींना नंतर तीच औषधे दिली. जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. आधी केमो घेतलेल्यांमध्ये मात्र स्तन वाचवता येण्याचे प्रमाण वाढले. म्हणजे थांबल्याने नुकसान होत नव्हते.

आज वेगाने वाढणाऱ्या प्रकारांत, म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह (इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन व हर-टू हे तिन्ही ग्राहक नसलेल्या) आणि हर-टू पॉझिटिव्ह (हर-टू हे प्रथिन जास्त असलेल्या) कर्करोगात, गाठ फार मोठी नसली तरी बहुधा हाच क्रम धरतात. गाठ जागेवर असली की औषध लागू पडते आहे की नाही, हे दिसते. आधीच काढून टाकली, तर पुढची केमो अंदाजानेच द्यावी लागते. संप्रेरकांवर वाढणाऱ्या, संथ गाठी केमोने पूर्ण विरघळणे क्वचितच घडते. तिथे या क्रमाचा आग्रह नसतो.

उपचारापूर्वी बायोप्सी करून प्रकार नक्की करतात आणि गाठीत तिळाएवढी धातूची क्लिप बसवतात. गाठ नाहीशी झाली, तर सर्जनने कापायचे कुठे? ती खूण म्हणजे ही क्लिप. काढलेल्या भागाचा लगेच एक्स-रे काढून क्लिप आत आल्याची खात्री करतात. डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फामाइड, टॅक्सेन गटातील औषधे आणि कधी कार्बोप्लॅटिन अशा औषधांच्या सायकल, म्हणजे ठरावीक अंतराने दिल्या जाणाऱ्या फेऱ्या, साधारण चार ते सहा महिने चालतात. लालभडक डॉक्सोरुबिसिननंतर एक-दोन दिवस लघवीही लालसर होते. ते रक्त नव्हे. हे औषध आणि हर-टूवरचे ट्रास्टुझुमॅब हृदयावर परिणाम करू शकतात, म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात. मूल हवे असलेल्या स्त्रीने बीजांडे जपण्याविषयी पहिल्या सायकलच्या आधीच विचारावे. घाईत नेमके हेच राहून जाते.

स्तनात व काखेतील लसिका ग्रंथींत आक्रमक, म्हणजे आसपासच्या ऊतींत शिरलेल्या, कर्करोगाचा अंशही न उरणे, याला पॅथॉलॉजिकल कम्प्लीट रिस्पॉन्स म्हणतात. तो सूक्ष्मदर्शकाखालीच ठरतो. स्कॅनमध्ये गाठ दिसेनाशी झाली, तरी शस्त्रक्रिया टळत नाही. ‘कीनोट-५२२’ चाचणीच्या पहिल्या विश्लेषणात ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांमध्ये केमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध चालना देणारे औषध दिल्यावर असा प्रतिसाद ५१.२ वरून ६४.८ टक्क्यांवर गेला.

अवशेष उरला तर उपचार फसला, असे नव्हे. हर-टू प्रकारात अशा रुग्णांना ट्रास्टुझुमॅबऐवजी टी-डीएम१ (ट्रास्टुझुमॅबला केमोचे औषध जोडून बनवलेले औषध) दिल्यास आक्रमक रोग परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका निम्म्याने घटतो, असे ‘कॅथरीन’ चाचणीत दिसले. ट्रिपल निगेटिव्हमध्ये कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांचा उपयोग होतो. उपचार चालू असतानाच गाठ वाढणे विरळ. तसे झाल्यास औषध बदलतात किंवा शस्त्रक्रिया अलीकडे आणतात. एरवी शेवटच्या सायकलनंतर रक्तपेशी सावरल्या की, साधारण तीन ते सहा आठवड्यांत, शस्त्रक्रिया होते.