किल केलं तरी स्क्रिप्ट थांबत का नाही

इंदूरला पावसाळा लागला की लाइट जाणार हे ठरलेलंच, त्यामुळे राजवाड्याजवळ माझ्या मावसभावाचा फोटो स्टुडिओ आहे तिथे यूपीएसची बॅटरी उतरायला लागली की एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे कमांड लिहून ठेवलेली फाइल, आपोआप चालते, आधी बॅकअप थांबवते, मग बाहेरची डिस्क अनमाउंट करते म्हणजे मशीनपासून नीट सोडवते, मग मशीन बंद. पण जूनमधल्या एका रात्री त्याचा फोन आला, "अरे भिया, किल केलंय तरी बॅकअप मरत नाहीये!" आणि बोलता बोलताच बॅटरी संपली. बॅकअप घेणारा टार हा प्रोग्रॅम सगळे फोटो एका फाइलमध्ये बांधतो, तर डिस्कवर एका लग्नाच्या फोटोंची तशी अर्धवट टार फाइल राहिली. फोटो कॅमेऱ्याच्या कार्डावर होते म्हणून वाचले.

मुळात किल हे नावच फसवं आहे. ही कमांड चालू प्रोग्रॅमला सिग्नल, म्हणजे नंबर असलेला एक निरोप, पाठवते, आणि काही सांगितलं नाही तर जातो तो १५ नंबरचा, सिगटर्म, म्हणजे "आवरा आणि निघा" अशी विनंती. प्रोग्रॅम ती ऐकू शकतो, आवराआवर करू शकतो, किंवा चक्क दुर्लक्ष करू शकतो. ९ नंबरचा सिगकिल मात्र प्रोग्रॅमला अडवता येत नाही, पण त्यात आवरायला वेळही मिळत नाही.

भावाच्या बॅकअप स्क्रिप्टमध्ये ट्रॅप, म्हणजे सिग्नल आल्यावर काय करायचं ते सांगणारी ओळ, लावलेला होता, सिगटर्म आला की अर्धवट फाइल पुसून बाहेर पड. चांगलाच विचार होता की! मग अडलं कुठे ते बघायला मी घरी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली, ट्रॅप लावला आणि खाली स्लीप ६०, म्हणजे ६० सेकंद नुसतं थांब. दुसऱ्या खिडकीतून किल मारलं. काही नाही. परत मारलं, तरी काही नाही, आणि मिनिट पूर्ण झाल्यावर ट्रॅपमधली ओळ स्क्रीनवर आली.

म्हणजे सिग्नल हरवला नव्हता, शेलने, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, तो लिहून ठेवला होता. सिग्नल कधीही येतो, अगदी शेल मेमरी मागत असताना मध्येच, आणि त्या क्षणी भलतंसलतं काम केलं तर आतला हिशोब बिघडू शकतो, म्हणून शेल नुसती खूण करून ठेवतो आणि सोयीच्या ठिकाणी ट्रॅप चालवतो. आता भावाच्या स्क्रिप्टसारखा शेल टारच्या संपण्याची वाट बघत बसलेला असेल तर ते सोयीचं ठिकाण टार संपल्यावरच येतं. हा बॅश या शेलमधला बग नाही, युनिक्ससारख्या सिस्टीमसाठीच्या पॉझिक्स या मानकातच तसं लिहिलंय, आणि ट्रॅप तर बॅशहून जुना, १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या बोर्न शेलमध्येही होता. कंट्रोल-सी दाबल्यावर हे जाणवत नाही कारण टर्मिनल तो सिग्नल समोर चाललेल्या सगळ्या गटाला देतं, टारलाही. किलला एका स्क्रिप्टचा प्रोसेस नंबर दिला तर सिग्नल फक्त तिलाच जातो, टारला पत्ताच नसतो.

ट्रॅपच काढून टाकला तर? स्क्रिप्ट लगेच मरते हो, पण टार अनाथ होऊन मागे चालूच राहतो, डिस्क बिझी, अनमाउंट होत नाही. हे जास्त वाईट, कारण वरवर सगळं थांबल्यासारखं दिसतं.

उपाय वेट या कमांडमध्ये आहे, ती मागे चाललेलं काम संपेपर्यंत शेलला थांबवते. टारच्या ओळीच्या शेवटी ॲम्परसँड लावून त्याला बॅकग्राउंडला टाकायचं, डॉलर-उद्गारचिन्हातून ($!) त्याचा प्रोसेस नंबर धरून ठेवायचा आणि पुढच्या ओळीत वेट. शेल वेटमध्ये बसलेला असताना ट्रॅप लावलेला सिग्नल आला तर वेट तिथल्या तिथे सुटतो आणि ट्रॅप लगेच चालतो. ट्रॅपमध्ये मात्र क्रम सांभाळायचा: आधी टारला किल, मग परत एकदा वेट म्हणजे तो खरंच गेला याची खात्री, मगच फाइल पुसायची, आणि शेवटी एक्झिट १४३. हा आकडा १२८ अधिक १५, सिगटर्मने गेलो असं सांगायची शेलची पद्धत. तो दुसरा वेट मी पहिल्यांदा विसरलो होतो.

यूपीएसच्या स्क्रिप्टमध्ये आता किल मारल्यावर २० सेकंद वाट बघायची ओळ घातली आहे. तोवर बॅकअप गेला नाही तरच टार आणि स्क्रिप्ट दोघांनाही ९ नंबर. परवा परत लाइट गेली तेव्हा लॉग बघितला, सिग्नल आणि डिस्क अनमाउंट यांच्यात ३ सेकंद होते, ९ नंबरची ओळ चाललीच नव्हती.