डागडुजी की पुनर्बांधणी: रिमास्टर आणि रिमेक यांतला फरक

गेल्या पावसाळ्यात लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून मी भाच्यासाठी एक वापरलेली डिस्क आणली. डिस्क होती 'रेसिडेंट ईव्हिल ओरिजिन्स कलेक्शन'ची, म्हणजे 'रेसिडेंट ईव्हिल' या भीतीदायक व्हिडिओ गेम मालिकेचा पहिला भाग आणि त्याचा पूर्वभाग असा जोडसंच. भाच्याने नुकताच 'रेसिडेंट ईव्हिल २'चा २०१९ सालचा रिमेक संपवला होता आणि पहिल्या भागातही तसेच काही मिळेल, अशी त्याची समजूत होती. मी दुकानदाराला विचारले, "पहिल्या भागाचा रिमेक आहे ना हा?" त्याने मान डोलावली आणि व्यवहार झाला. डोंबिवलीला घरी डिस्क घालून दहा मिनिटे झाली नाहीत, तोच भाच्याने कंट्रोलर मांडीवर टाकला. "मामा, यात कॅमेरा हलतच नाही. आणि दर वेळी दार उघडायला एवढा वेळ का लागतो?" दुकानदार खोटे बोलला होता का, या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही, त्याकडे नंतर येतो.

मुंबईकराला रिमास्टर आणि रिमेक यांतला फरक समजावण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. म्हाडाचे जे मंडळ शहरातल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींचे पाहते, त्याचे नावच 'मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ' असे आहे, आणि त्या नावातल्या दोन शब्दांत आपला विषय जवळजवळ पुरा येतो. रिमास्टर म्हणजे दुरुस्ती. इमारत तीच राहते, खांब आणि जिने तेच राहतात. गिलावा नवा होतो, गळणारी गच्ची बंद होते, बाहेरून रंग लागतो. रिमेक म्हणजे पुनर्रचना. जुनी इमारत पाडली जाते आणि त्याच जागेवर, बहुधा त्याच नावाची, दुसरी उभी राहते. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळते आणि पत्ता वरळीचाच राहतो, पण सामाईक गॅलरी मात्र नव्या मनोऱ्यात सापडत नाही. ही गॅलरी लक्षात ठेवावी, कारण रिमेकविषयीचे बहुतेक वाद तिच्यापाशीच येऊन थांबतात.

आधी रिमास्टर. प्लेस्टेशन २ या कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राच्या, काळातला गेम साधारण ६४० बाय ४४८ बिंदूंच्या चित्रात चालत असे, आणि आजच्या ४के टीव्हीवर बिंदू असतात ३८४० बाय २१६०. ते जुने चित्र नुसते ताणले तर ते पुसट आणि खडबडीत दिसते. म्हणून रिमास्टर करणारे मूळ गेमचा कोड नव्या कन्सोलवर चालेल असा करतात, रेझोल्यूशन, म्हणजे चित्रातले बिंदू, वाढवतात, भिंतींचे आणि कपड्यांचे टेक्श्चर, म्हणजे त्यांवर चढवलेले पृष्ठभागाचे चित्र, अधिक बारकाईने करतात, जमल्यास फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रे, ३० वरून ६० वर नेतात. शत्रू जिथे उभा होता तिथेच उभा राहतो आणि उडी पूर्वी जितकी जात होती तितकीच जाते. 'द लास्ट ऑफ अस' २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ वर आला आणि वर्षभरातच, २०१४ मध्ये, प्लेस्टेशन ४ साठी त्याचा रिमास्टर निघाला. ज्याने पहिला खेळला होता त्याची बोटे दुसऱ्यातही न चुकता चालत.

हे काम हलके समजू नये. जुन्या गेमचा शेवटचा, पूर्ण सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) प्रत्येक कंपनीने जपून ठेवलेला असतोच असे नाही. धुक्यात बुडालेल्या गावात घडणाऱ्या 'सायलेंट हिल' या भीतीदायक गेमच्या २०१२ सालच्या एचडी संचाचे असेच झाले. हाती आलेला कोड अंतिम आवृत्तीचा नव्हता, त्यामुळे खेळणाऱ्यांच्या नजरेला मूळ गेममध्ये नसलेले दोष त्यात दिसले, आणि त्यात भर म्हणजे धुके विरळ झाले. मूळ गेममधले धुके केवळ वातावरणासाठी नव्हते. दूरचे रस्ते आणि घरे एकदम रंगवण्याची ताकद तेव्हाच्या कन्सोलमध्ये नव्हती, म्हणून ते झाकण होते. झाकण सरकल्यावर गावाच्या कडा उघड्या पडल्या आणि भीती गेली. २०२१ मध्ये 'जीटीए'च्या तीन जुन्या भागांचा जो संच निघाला, त्यात यंत्राकरवी टेक्श्चर मोठी करताना दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे बदलली, आणि पाऊस पडू लागला की पांढऱ्या जाड रेषांनी पडदा इतका भरून जाई की पुढची गाडी दिसेना. जुलैत पूर्व द्रुतगती मार्गावरून गेलेल्या माणसालाही तो पाऊस अतिशयोक्त वाटला असता. प्रकाशक रॉकस्टारला जाहीर माफी मागावी लागली आणि पुढे दुरुस्त्या आल्या.

आता रिमेक. 'रेसिडेंट ईव्हिल २' मूळचा १९९८ चा. त्यातल्या खोल्या म्हणजे आधीच रंगवून ठेवलेली स्थिर चित्रे होती. कॅमेरा कोपऱ्यात खिळलेला असे आणि पात्र चित्राच्या चौकटीतून पुढच्या चौकटीत जात असे. पोलीस ठाण्यातला एक बोळ घ्या. खिडकीपलीकडून काहीतरी सरकत जाते, पुढे छतातून रक्त ठिबकते, आणि ज्याच्या जिभेने तुमचा जीव जाणार आहे तो प्राणी कुठे आहे, हे कॅमेरा दाखवेपर्यंत तुम्हाला कळत नाही. भीती वाटते ती दिग्दर्शक तुमचे डोळे धरून बसला आहे म्हणून. २०१९ च्या रिमेकमध्ये कॅमेरा पात्राच्या खांद्यामागे आला, बोळ अंधारात गेला आणि हातात टॉर्च आला. छताकडे बघायचे की नाही, हे आता तुम्ही ठरवता. प्रसंग तोच असतो, पण भीतीची जबाबदारी दिग्दर्शकाकडून खेळणाऱ्याकडे गेलेली असते. मूळ गेममध्ये दुसऱ्या फेरीतच, म्हणजे गेम एकदा संपवून पुन्हा दुसऱ्या पात्राकडून खेळताना, भेटणारा, टोपीवाला धिप्पाड मिस्टर एक्स इथे पहिल्या फेरीपासून ठाणेभर तुमच्या मागे फिरतो आणि त्याच्या बुटांचा आवाज वरच्या मजल्यावरून ऐकू येतो. ही डागडुजी नव्हे. नकाशा आणि माणसे जुनी, बाकी सगळे नव्याने बांधलेले.

म्हणूनच दोन गेमर एकाच नावाच्या गेमविषयी बोलत असले तरी एकाच गेमविषयी बोलत असतात असे धरून चालता येत नाही. माझ्या पिढीतला माणूस 'रेसिडेंट ईव्हिल २' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे खिळलेला कॅमेरा असतो. भाचा तेच नाव घेतो तेव्हा टॉर्चचा झोत. माझी गॅलरी त्याने कधी पाहिलेलीच नाही, आणि ती गेली म्हणून त्याने हळहळावे, अशी अपेक्षाही रास्त नाही.

इथवर रेषा स्वच्छ आहे. पुढे ती पुसट होते, आणि ती पुसण्यात खोक्यावरच्या नावांचा हात मोठा आहे. 'माफिया: डेफिनिटिव्ह एडिशन' आणि 'माफिया २: डेफिनिटिव्ह एडिशन' ही दोन्ही २०२० मधलीच. पहिली संपूर्ण रिमेक आहे आणि दुसरी साधी रिमास्टर. शब्द मात्र अक्षरशः तेच. 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन' २०२२ मध्ये प्लेस्टेशन ५ वर आला. तो रिमेक आहे, पण नावात तो शब्दच नाही, आणि प्रसंगामागून प्रसंग मूळ गेमच्या इतक्या जवळचा आहे की अनेकांनी त्याला दुसऱ्यांदा केलेला रिमास्टर म्हटले. भारतात त्याची किंमत ४,९९९ रुपये होती, तेव्हा ही शंका केवळ शब्दच्छल नव्हती. मूळ गेममधला अनेकांनी मिळून खेळायचा भागही त्यात नव्हता.

उलट टोकाला 'ऑब्लिव्हियन रिमास्टर्ड', एप्रिल २०२५ मधला. मूळ गेम २००६ चा. नव्या आवृत्तीत डोळ्यांना दिसणारे जवळजवळ सगळे अनरिअल इंजिन ५ मध्ये, म्हणजे गेम चालवणाऱ्या एका नव्या सॉफ्टवेअरमध्ये, नव्याने रचलेले आहे. चेहरे, दगड, प्रकाश, सारे नवे. पण आतमध्ये, कोणता पहारेकरी केव्हा जेवायला जातो आणि कोणती वस्तू उचलल्यावर चोरी ठरते, हे सांगणारे जुने इंजिन तसेच चालू आहे. त्यामुळे मूळ गेममधल्या लोकांचे विचित्र, कुठल्या कुठे जाणारे संवादही तसेच राहिले. मी तरी त्याला रिमास्टरच म्हणेन. दर्शनी भाग कितीही बदलला तरी भार जुन्या खांबांवर असेल, तर ती दुरुस्तीच.

हा निकष 'शॅडो ऑफ द कोलोसस'पाशी मात्र मलाच अडचणीत आणतो. २००५ चा हा गेम ब्लूपॉइंट या एकाच स्टुडिओने दोनदा हाताळला: २०११ मध्ये प्लेस्टेशन ३ साठी रिमास्टर, २०१८ मध्ये प्लेस्टेशन ४ साठी रिमेक. दुसऱ्या वेळी सगळी चित्रे नव्याने काढली, गवताचे पाते न् पाते वाऱ्यावर हलू लागले, बटनांची नवी मांडणी दिली आणि जुनी मांडणी हवी असेल त्यांच्यासाठी तीही ठेवली. पण सोळा महाकाय तेच राहिले, त्यांच्या अंगावरचे केस धरून चढण्याची धडपड तीच राहिली, आणि हाक मारल्यावर घोडा आपल्या मर्जीने येतो हेही तसेच. रिमेक म्हणावा तर खेळणाऱ्या हाताला नवे फारसे काही नाही, रिमास्टर म्हणावा तर डोळ्यांना जुने काहीच नाही. मी त्याला रिमेक म्हणतो ते त्यामागच्या श्रमांकडे पाहून. कोणी दुसरे काही म्हटले तर वाद घालणार नाही.

डिस्क घेण्यापूर्वी काय पाहावे, असे कोणी विचारले तर मी नाव वाचू नका, एवढेच सांगतो. कापलेल्या, सजवलेल्या ट्रेलरपेक्षा प्रत्यक्ष खेळाचा पाच मिनिटांचा सलग व्हिडिओ पाहावा आणि नजर ग्राफिक्सवर न ठेवता कॅमेऱ्यावर व पात्राच्या चालीवर ठेवावी. वळताना पात्र जागेवर गिरकी घेते की वळण घेत जाते? नेम धरताना चालता येते का? या गोष्टी जुन्या राहिल्या असतील, तर रंग कितीही ताजा दिसो, हातात जुनाच गेम येणार आहे. ज्याला तो पूर्वी आवडला होता त्याच्यासाठी ही आनंदाची बातमी, आणि ज्याने कधी खेळलाच नाही त्याच्यासाठी आधी ठाऊक असावी अशी.

आता तो दुकानदार. पहिला 'रेसिडेंट ईव्हिल' १९९६ चा. त्याचा रिमेक २००२ मध्ये गेमक्यूब या कन्सोलवर आला. त्यात गेम जिथे घडतो तो वाडा नव्याने रचला, काही नवे धोके घातले, पण खिळलेला कॅमेरा आणि लोडिंग झाकणारी ती सावकाश उघडणारी दारे मुद्दाम ठेवली. २०१५ मध्ये त्या रिमेकचा एचडी रिमास्टर निघाला, आणि लॅमिंग्टन रोडहून मी आणलेल्या डिस्कवर आहे तो हाच. म्हणजे दुकानदाराची मान योग्य दिशेला डोलली होती. माझा प्रश्नच अर्धा होता.

भाच्याने डिस्क परत करायचे ठरवले होते, पण आठवडाभराने फोन केला तेव्हा तो वाड्याच्या तळघरात पोहोचला होता आणि दारांविषयी एक शब्द बोलला नाही. फक्त एवढेच विचारले, "मामा, याचा रिमेक कधी येणार?" मी त्याला सांगितले की तो खेळतोय तो रिमेकच आहे, आणि पलीकडे बराच वेळ शांतता होती.