नताशा आणि नास्त्या ही एकच नावं नाहीत

गोव्यात मोरजीमला रशियन लोकांची एवढी ये-जा असते की नताशा आणि नास्त्या ही नावं कानावर पडतातच, आणि बरेच जण छातीठोकपणे सांगतात की दोन्ही अनास्तासियाचेच शॉर्टफॉर्म. तसं नाहीये. नताशा हे नताल्याचं घरचं नाव आणि नास्त्या हे अनास्तासियाचं. मारियाची माशा होते, दार्याची दाशा होते, तशीच नताल्याची नताशा. अनास्तासियाला नास्त्या, नास्तेन्का, स्तास्या, कधी आस्या म्हणतील, पण नताशा नाही म्हणणार.

अर्थ बघितला तर गोष्ट अजून भारी आहे. नताल्या लॅटिनमधल्या 'नातालिस'वरून आलं, म्हणजे जन्माचा, आणि ख्रिश्चन लोकांसाठी तो जन्म येशूचा. आपला 'नाताळ' शब्द पोर्तुगीजांच्या मार्फत त्याच मुळातून आलाय, त्यामुळे मराठी माणसाला हे नाव विसरायचं कारणच नाही! अनास्तासिया मात्र ग्रीक. अनास्तासिस म्हणजे मेलेल्यातून पुन्हा उठणं, म्हणजे एक नाव नाताळचं आणि दुसरं ईस्टरचं, येशू पुन्हा उठला त्या सणाचं. आता गंमत अशी की रोमन चर्चमध्ये संत अनास्तासियाची आठवण २५ डिसेंबरलाच, पहाटेच्या मिसाला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) करतात, त्यामुळे अर्थ ईस्टरचा आणि तारीख नाताळची. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तिचा दिवस ४ जानेवारीला येतो, आणि नताल्याचा ८ सप्टेंबरला.

इतिहासात मला अनास्तासिया जास्त ओढून घेते. रशियाचा झार, म्हणजे सम्राट, इव्हान द टेरिबल याची पहिली बायको अनास्तासिया रोमानोव्हना, लग्न १५४७ सालचं. १५६० मध्ये ती गेली, पण तिच्या भावाचा नातू मिखाईल १६१३ मध्ये झार झाला आणि तिथून रोमानोव्ह घराण्याचं राज्य सुरू झालं. त्याच घराण्याच्या शेवटच्या झारची धाकटी मुलगी पण अनास्तासिया, १७ जुलै १९१८ ला येकातेरिनबुर्गमध्ये सगळ्या कुटुंबासोबत मारली गेली, वय फक्त १७. ती वाचली असेल या आशेवर लोक कितीतरी वर्षं जगले, अॅना अँडरसन नावाच्या बाईने तर मीच ती असा दावा केला, जो तिच्या मृत्यूनंतर डीएनए टेस्टने खोटा ठरवला. नावाचा अर्थ माहीत असला की हे सगळं वाचताना पोटात कालवतं.

नताल्यांमध्ये सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे रशियन कवी पुश्किनची बायको नताल्या गोंचारोवा, जिच्यावरून १८३७ च्या द्वंद्वात त्याचा जीव गेला.

आपल्याकडे नताशा हे थेट जन्मदाखल्यावरचं नाव असतं, रशियात पासपोर्टवर सहसा नताल्याच असणार. आणि मोठ्या माणसांशी किंवा ऑफिसात बोलताना नताशा, नास्त्या सहसा चालत नाही, पूर्ण नाव आणि पुढे वडिलांच्या नावावरून आलेलं नाव लावायचं. पुश्किनची बायको नताल्या निकोलायेव्ना, झारची मुलगी अनास्तासिया निकोलायेव्ना, दोघींच्याही वडिलांचं नाव निकोलाय.